सायरन वाजला की नदीवर

२१ जून

अकरा माणसं मेली आज माझ्यामुळे. वर्गात, कागदावर – पण मेली.

उन्मेष सरांनी फळ्यावर खडूने चौकोन काढला. "इमारत. तिसऱ्या मजल्यावर आग. अकरा जण अडकलेत. नूपुर, तू खाली उभी आहेस, बोल." मी उभी राहिले. बोलायला उठ, हे मला आजवर कुणाला दोनदा सांगावं लागलेलं नाही! सुरुवात केली – "मित्रहो, संकट माणसाच्या विवेकाची कसोटी पाहतं..." सर मनगटावरचं घड्याळ बघत होते. चौथ्या मिनिटाला हात वर केला. म्हणाले, "तू 'मित्रहो' म्हणालीस तेव्हा जिन्यात धूर होता. 'विवेक' म्हणालीस तेव्हा जिना गेला. आता लोक गॅलरीतून उड्या मारताहेत, आणि तुझी प्रस्तावना अजून संपायची आहे."

वर्ग खिदळला. मीही हसले, पण कान तापले होते. एकवीस वर्षं आगी विझवून शिकवायला आलेला माणूस! त्याला वाणीची ताकद काय कळणार? घरी माझे त्रेसष्ट करंडक आहेत.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "चौसष्टावा आणू नको. माळा भरला."

२२ जून

सर चुकतात. दांडक्याने गुरं हलतात. माणूस विचाराने हलतो. सिद्ध करून दाखवीन.

३ जुलै

शेवटच्या सत्राचे प्रकल्प वाटले. कुणाला मॉल, कुणाला दवाखाना, कुणाला सिनेमाघर – सगळी वातानुकूलित संकटं! मी हात वर करून गाव मागितलं. मिळालं माहुलघाट. कन्हानपर्यंत बस, पुढे शेअर ऑटो, शेवटी अर्धा तास पायी. नदीकाठचं गाव. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की खालची आळी पाण्यात.

काम असं: पुराच्या वेळी आळी रिकामी करायची योजना बनवायची, तिची रंगीत तालीम घ्यायची, अहवालावर तहसील कचेरीची सही आणायची. सही ३१ ऑगस्टच्या आत. नाहीतर पदवी पुढच्या वर्षावर.

मोठ्या आत्याने फोनवर आईला विचारलं, "नूपुर कशात एम.ए. करते म्हणे?"

"आपत्तीत."

"कोणाच्या?"

"सध्या तरी माझ्याच."

७ जुलै

माहुलघाट पाहिलं. एक्केचाळीस घरं, एकशे त्रेसष्ट माणसं, ही आळी. घरांच्या मागल्या दारातून खरकटं फेकलं तर नदीत पडेल, इतकी जवळ. शाळा मात्र चढावर, पक्की, कोरडी. आळीपासून शाळा म्हणजे म्हाताऱ्या माणसाची दहा मिनिटं. म्हणजे निसर्गाने उत्तर आधीच लिहून ठेवलंय, आपण फक्त वाचून दाखवायचं!

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर नवाकोरा सायरन. त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. वर झेंडूचा हार. सरपंच मारोतराव – कोळसा खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले. सायरनचं बटण त्यांच्याकडे, आणि त्याची किल्ली त्यांच्या करदोट्याला!

"एकदा तरी वाजवून पाहिला का, काका?"

"उगाच काहून वाजवाचा? खराब होऊन जाईन ना."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा. चाळीस मिनिटं बोलले. जगातल्या बुडालेल्या नगरांपासून सुरू केलं आणि माहुलघाटच्या उंबऱ्यावर आणून सोडलं. शेवटी आवाज खाली आणला – तिथे हमखास शांतता होते. झाली! मग टाळ्या. अशा टाळ्या मला राज्यस्तरावरही पडल्या नव्हत्या.

पुढच्या रांगेत यमुताई बसल्या होत्या. सत्तरीच्या. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरा-टरबुजांची वाडी करतात. आळीत यांचा शब्द पडला की उचलला जातो. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "मस्त बोलते वं पोट्टी. कोणत्या पार्टीची होय तू?"

१५ जुलै

दुसरी सभा. सूचना तीनच: सायरन वाजला, घराबाहेर पडा, शाळेत या. सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. "समजलं?" – "हो जी!" "कुठे जायचं?" – "शाळेत जी!" कुणाची एक शंका नाही, एक प्रश्न नाही.

वादविवादाची सवय असलेल्या माणसाने इतक्या एकमताला घाबरायला हवं होतं. मी खूश झाले.

२८ जुलै

हसून लिहितेय की रडून, ते उद्या कळेल.

आज तालीम. कचेरीचे साहेब आले, सोबत फोटोग्राफर. शाळेच्या व्हरांड्यात बॅनर, त्यावर माझं नावही. अकराला मारोतरावांनी करदोट्याची किल्ली लावली आणि सायरन वाजला – देवा रे, काय आवाज! कुत्री वेडी झाली. आळीतली सगळी दारं उघडली. बाया, माणसं, पोरं, काखेत बाळं, पळत सुटली. मी चढावरून पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं. विचाराने हललेली माणसं!

सगळी नदीकडे पळाली.

सगळी! बायांच्या हातात ओटीची ताटं – खण, नारळ, हळदीकुंकू, तांदूळ. माणसं दोर आणि बांबू घेऊन, वाहून येणारी लाकडं धरायला. पोरं मजा पाहायला. मारोतराव बटण सोडून मोबाइल काढत धावले, व्हिडिओ काढायला. आणि सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून, यमुताई!

मी मेगाफोनवर ओरडत चढ उतरले. काठावर पोचले तर सगळे माझ्यावरच डाफरले. नदी आपली गुडघाभर, निवांत.

"पूर कुठी हाये वं?" यमुताईंचा आवाज चिडलेला.

"पूर नाही, ताई! तालीम आहे! पूर आला असं समजायचं!"

"समजाचं? अन् नदीची वटीबी समजूनच भराची का? नारळ सोलून आणला ना म्या!"

शाळेत पोचले नऊ जण. त्यातले सात तिथेच शिकणारे – ते आधीपासून आत होते. उरलेले दोघे गिरणीवरून पीठ घेऊन येताना सावलीला थांबले होते.

२९ जुलै

पेपरात आलं. "माहुलघाट येथे रंगीत तालीम यशस्वी." फोटो असा घेतलाय की बॅनरच्या मागे गर्दी असेल असं वाटावं. मी मध्ये, मेगाफोन छातीशी धरून.

आईने चष्मा लावून पाहिलं. "तोंड का असं? चोरीच्या बांगड्या घातल्यासारखं?"

३० जुलै

कचेरीत गेले. साहेबांनी तयार अहवाल पुढे केला – शंभर टक्के सहभाग, अकरा मिनिटांत स्थलांतर. "सही करा. आमची पण देतो. पदवी पक्की."

"पण लोक तर नदीकडे पळाले."

"पळाले ना? मग झालं. हालचाल झाली."

मी बोलले. काय बोलले! सत्य, सत्ता, कागद आणि माणूस – एकेक वाक्य घासून पुसून. खोलीतले दोन कारकून फायली बाजूला ठेवून ऐकत होते. साहेबांनी सगळं ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही निवेदन करत जा ना आमच्या पंधरा ऑगस्टला."

दुसरी तालीम घेऊ द्या म्हटलं. म्हणे, दुसरी घेतली तर पहिली फसली असा अर्थ होतो. परवानगी नाही.

३१ जुलै

माझा अहवाल लिहिला. एकच पान. पहिली ओळ: 'एकशे त्रेसष्टपैकी नऊ.' आयुष्यात इतकं थोडक्यात मी काही लिहिलेलं नाही.

कचेरीची सही अर्थातच नाही. सरांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. असल्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा?

६ ऑगस्ट

पदवीचं काय व्हायचं ते होवो. एकशे चोपन्न माणसं पुराकडे धावतात, हे माहीत असताना मी घरात बसून पोहे खाऊ?

गेले माहुलघाटला. सभा नाही, मेगाफोन नाही. यमुताई ओसरीवर बरबटीच्या शेंगा सोलत होत्या. मलाही सूप दिलं पुढ्यात. विचारलं, "ताई, हो म्हणालात ना शाळेत येतो म्हणून? मग नदीवर काहून गेलात?"

"शाळेत येणारच होतो ना वं. आधी वटी भरून."

मग सांगितलं. नदी वर चढते म्हणजे ती आपल्या दारी येते. सासुरवाशीण येते तशी. तिची ओटी भरायची, हळदकुंकू लावायचं, 'आता जा बाई आपल्या घरी' म्हणायचं, की ती उतरते. आजीच्या आजीपासून असंच.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. अंधश्रद्धा, विज्ञान, दरवाज्यांतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग. या विषयावर माझे सहा करंडक आहेत! सुरू केलं. दोन मिनिटं त्या ऐकत राहिल्या, शेंगा सोलत. मग म्हणाल्या, "तुया घरी पाहुणी आली तं तू पाठ दाखवून पयते का?"

"नाही, पण नदी म्हणजे..."

"मंग?"

मग काय? पहिल्यांदा हरले, आणि परीक्षकसुद्धा नव्हते की ज्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करावा.

शेंगा मात्र मी जास्त सोलल्या.

७ ऑगस्ट

सरांशी कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, लोकांच्या भाबडेपणापुढे मान तुकवणार नाही. आधी डोळे उघडायचे, मग पाय आपोआप उचलतात. यावर माझी श्रद्धा आहे – हो, श्रद्धाच!

सर डबा खात होते. पोळीचा तुकडा हातातच ठेवून म्हणाले, "तुला त्यांना सुधारायचंय की वाचवायचंय?"

"दोन्ही."

"मग आधी वाचव. मेलेल्यांचं मतपरिवर्तन होत नाही."

आणि भेंडीची भाजी पुढे केली. मी रागारागात सगळी संपवली.

८ ऑगस्ट

यावर उत्तर शोधतेय. जुन्या भाषणांच्या वह्या काढल्या.

१३ ऑगस्ट

आज जे झालं त्यातलं एक अक्षरही माझं नाही. म्हणून नीट लिहून ठेवते.

यमुताईंच्या ओसरीवर बाया जमल्या होत्या. मी कोपऱ्यात. तोंड बंद ठेवायचं असं घरून ठरवून निघाले होते. बसमध्ये दोनदा सरावही केला. यमुताईंची सून जया, आशा सेविका आहे गावची, तिने सासूला सहज विचारलं, "आत्याबाई, तुमी सांगता ना, त्या मोठ्या पुरात पानी कुठंवर आलतं?"

"शाळेच्या पायरीले लागलतं."

"म्हंजे नदीचं येनं तिथवर हाये."

"मंग?"

"मंग आपुन अर्ध्या रस्त्यात काहून वटी भरतो तिची? पाहुणीले गल्लीत गाठून कुंकू लावते का कोनी? जिथी यायची हाये तिथी पाट मांडाव, अन् वाट पाहाव."

एका बाईचं सुपारी कातरणं थांबलं. मी जीभ दातांखाली धरून ठेवली – शब्दशः! यमुताईंनी सुनेकडे असं पाहिलं की आता बोलणी बसणार. मग म्हणाल्या, "पायरीवर पाट ठेवाले जागा हाये का?"

"हाये ना."

"अन् ती नाई आली तितवर?"

"नाई आली तं बरंच ना वं, आत्याबाई!"

हशा! मग धडाधड ठरत गेलं. सायरन झाला की पाट मांडायला वर. ओटीचं सामान आताच शाळेच्या कपाटात ठेवायचं, म्हणजे घरात शोधत बसायला नको. आंधळ्या प्रेमिला आजीला कुणी धरायचं, शेळ्या कुणी सोडायच्या.

मी शेवटी एकच विचारलं, "माणसांचं काय? ते लाकडं धरायला जातील."

मारोतराव भिंतीला टेकून ऐकत होते. "बाया वर गेल्या तं माणसं खाली राहून करतीन काय? च्या कोन देईन?"

यमुताई: "च्या शाळेतच भेटन. पहिला येईन त्याले."

माझ्या योजनेत एकोणीस तक्ते होते. चहा एकातही नव्हता.

१४ ऑगस्ट

खरं लिहायचं तर पोटात दुखतंय. तो प्रश्न जयाला सुचला, मला का नाही? तीच नदी, तीच गोष्ट, मीही ऐकली होती. मी ऐकत होते ती फक्त खोडून काढायला.

२० ऑगस्ट

तालीम. परवानगीशिवाय. म्हणून सायरनशिवाय – मारोतरावांनी लोखंडी पहार टांगून घण मारले. सायरनपेक्षा चांगलं ऐकू आलं.

एकशे त्रेसष्टपैकी एकशे एकोणपन्नास. बावीस मिनिटं!

अठरा जण तरी लाकडांच्या लोभाने काठावर गेलेच. पण अर्ध्यातून चौघे परत आले, वरून चहाचा वास आला म्हणे. पायरीवर पाट, त्यावर तांदळाची रास. प्रेमिला आजी खुर्चीवर बसून वर आल्या – दोन नातवांनी उचलून, मिरवणुकीसारख्या. "कोनी आलं का गा?" सारखं विचारत होत्या. नदी अजून आली नाही म्हटल्यावर हिरमुसल्या.

उन्मेष सरही आले होते, न सांगता. झाडाखाली घड्याळ घेऊन बसले. शेवटी मी भाषणाला उभी राहिले, सवयीने. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, "चहा छान झालाय," आणि बसले.

सर हसले. पहिल्यांदा दात पाहिले त्यांचे.

२१ ऑगस्ट

आता मी रिकामी झाले की काय, अशी भीती वाटते. बोलायची नाही तर मी कोण?

आई म्हणाली, "दोन दिवस झाले घर शांत आहे. ताप मोजू का?"

२५ ऑगस्ट

कचेरीत शेवटचं जाऊन आले. साहेब तोच छापील अहवाल घेऊन बसले होते. नवीन तालमीचे आकडे दाखवले तर म्हणाले, "ही तर बेकायदेशीर जमावबंदीच... म्हणजे जमावच झाला की!" स्वतःच गोंधळले. मी तासभर वाद घालू शकले असते. वाद जिंकलेही असते. छापील अहवाल परत त्यांच्या टेबलावर ठेवला, नमस्कार केला, निघाले.

पदवी गेली. दोन वर्षं, फी, आईचे टोमणे. पुढच्या वर्षी पुन्हा.

आईला सांगितलं. वाटलं आता सुरू होईल. तिने फक्त पोळीवर तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्त.

२९ ऑगस्ट

दुपारी दोन-दहाला जयाचा फोन. "दरवाजे उघडले. सायरन झाला." धरण भरत आल्याचं ऐकून मी सकाळीच कन्हानला पोचले होते. "निघाले," म्हटलं. ऑटोवाला अर्ध्यावर थांबला, पुढे मी पळत. पिशवीतून मेगाफोन काढला. आळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा छातीत मावत नव्हतं इतकं बोलणं साठलं होतं – निघा, सोडा सगळं, वर चला!

आळीत कुणी नव्हतं.

एक्केचाळीस दारं, सगळ्यांना कड्या. शेळ्यांची दावी सुटलेली. काठावर एक माणूस नाही, एक दोर नाही. शेवटच्या घराच्या भिंतीला मातकट पाणी लागलं होतं आणि आवाज फक्त त्याचा. मी मेगाफोन तोंडाशी धरून उभी. कुणाला सांगू? इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही.

मग चढावरून यमुताईंची हाक, मेगाफोनशिवाय – "अवं ए! खाली काहून उभी हायेस? वर ये ना वं, मराचं हाये का तुले?"

पाण्यातून पळाले. चप्पल गेली.

पायरीवर जया यादी घेऊन बसली होती. माझ्याच यादीवर एकेक खूण. एकशे त्रेसष्ट नावं मी टाइप केली होती, सगळ्यांपुढे खूण झालेली. त्यांच्या खाली पेनाने एकशे चौसष्टावं, माझं. जयाचं अक्षर. शाई आजची नव्हती.

तिने खूण केली. "झाले सगळे," म्हणाली.